बेगड, गेरू आणि गंज

डिसेंबर-जानेवारी आला की शाळेतली एक तरी खोली स्नेहसंमेलनाच्या ताब्यात जाते. पुठ्ठे, खळ, सुतळी, जुनी वर्तमानपत्रे आणि चंदेरी रंगाचे डबे यांनी ती भरून जाते. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका शाळेत अशाच एका खोलीत आम्ही बसलो होतो. नाटक शिवकाळातले. पुठ्ठ्याच्या तलवारींना चंदेरी रंग दिला होता, पण त्या फारच नव्या, दुकानातून आणल्यासारख्या दिसत होत्या. म्हणून आमच्यापैकी एकाने गेरू कालवला आणि पात्यांवर गंजाचे डाग काढायला घेतले. डाग झकास उठले. सगळे खूष झाले. तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, ही तलवार तेव्हापण गंजलेली होती का?’’

आम्ही हसलो आणि मग गप्प झालो. प्रश्न अगदी साधा होता, पण त्याचे उत्तर देताना रसायनशास्त्र, प्रकाशशास्त्र आणि इतिहास अशा तिन्ही विषयांची दारे ठोठवावी लागली. नव्या वस्तूला जुनेपण देण्याच्या कलेचाही एक इतिहास आहे, हे त्या निमित्ताने आमच्या लक्षात आले. तोच येथे थोडक्यात मांडत आहोत. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी येईल.

उजेड तशी सजावट

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू या. अक्कलकुवा तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत काठी नावाचे गाव आहे. जुन्या मेहवासी संस्थानांपैकी हे एक. येथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. उंच बांबू उभा केला जातो, रात्रभर ढोल वाजतात, नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. या होळीत बावा, बुध्या अशी नावे असलेले नर्तक असतात. डोक्यावर मोरपिसांनी सजवलेले उंच टोप, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरे, अंगभर पांढरी नक्षी. ज्यांनी नवस केलेला असतो ते आधीचे काही दिवस ‘पालनी’ पाळतात, म्हणजे खाटेवर न बसणे, जमिनीवर झोपणे यांसारखे कडक नियम सांभाळतात.

हा वेष श्रद्धेचा आहे, नाटकाचा नाही. हे आधी स्पष्ट केले पाहिजे. तरीही विज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्याकडे एका वेगळ्या कुतूहलाने पाहावे. हा सगळा साज रात्रीच्या अंधारात, हलत्या उजेडात दिसायचा आहे. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी थोड्या उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही, केवळ उजळ आणि गडद एवढेच कळते. म्हणूनच उजेड कमी झाला की रंग विरत जातात, पण सावळ्या अंगावरचा पांढरा ठिपका दूरवरूनही उठून दिसतो. मोरपिसाचे तर आणखी वेगळे आहे. त्याच्या निळ्या-हिरव्या झळाळीमागे त्या रंगाचे रंगद्रव्य नाही. पिसातील अतिसूक्ष्म रचनेवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि त्यातून ती झळाळी निर्माण होते. नर्तक हलला की प्रकाशाचा कोन बदलतो आणि पीस चमकते. अंधारात नाचणाऱ्यासाठी याहून योग्य साज कोणता असणार?

यावरून एक सूत्र हाती लागते. वेष आणि शस्त्रे कशी रंगवायची, हे ती कोणत्या उजेडात आणि किती अंतरावरून पाहिली जाणार यावर अवलंबून असते. पुढचा सगळा इतिहास या एका सूत्राने उलगडत जातो.

बेगडीचे राज्य

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण 1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवर’ नाटकापासून मानतो. त्या काळी विजेचा दिवा नव्हता. एडिसनचा दिवाच मुळी 1879 चा. समया, पलिते, मशाली यांच्या उजेडात देव, ऋषी आणि राक्षस रंगमंचावर येत. राक्षस आरडाओरडा करीत, तलवारी नाचवीत. तेलाच्या दिव्याचा उजेड मंद, पिवळसर आणि थरथरणारा. मागे बसलेल्या प्रेक्षकाला मुकुटावरचा बारीक ओरखडा दिसण्याची सुतराम शक्यता नव्हती. त्याला दिसायची ती चमक.

ही चमक देणारी वस्तू म्हणजे बेगड. बेगड म्हणजे धातूचा अतिशय पातळ, रंगीत, चकचकीत पत्रा. लाकडावर, पुठ्ठ्यावर किंवा कागदाच्या लगद्यावर तो चिकटवला की मुकुट सोन्याचा आणि ढाल चांदीची होई. सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाशाचे नियमित परावर्तन होते, म्हणून एका लहानशा ज्योतीचेही प्रतिबिंब बेगडीत लखकन चमकते. खडबडीत पृष्ठभागावर तोच प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि वस्तू मंद दिसते. मखरे, ताबूत, मुंडावळ्या आणि नाटकातले मुकुट या सगळ्यांना बेगडीनेच तारले.

पण माणूस जवळ जाऊन पाहतोच! बेगडीखाली पुठ्ठा आहे हे त्याला कळते. म्हणून आपल्या भाषेत ‘बेगडी’ या शब्दाचा अर्थ वरवरचा, खोटा असा झाला. बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती असे आपण सहज म्हणतो. कारागिराच्या एका सामान्य वस्तूने भाषेला इतका नेमका शब्द दिला, हे मराठीच्या शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावे. मात्र एक गोष्ट विसरू नये. बेगड लावणारा कारागीर कोणाला फसवत नव्हता. त्याच्याजवळ जो उजेड होता, त्या उजेडाला योग्य असेच उत्तर तो देत होता.

पुढे नाटकमंडळ्यांत कपडेपट सांभाळणारी माणसे आली, रॉकेलचे आणि गॅसचे दिवे आले, विसाव्या शतकात वीज आली. रंगमंच उजळला आणि बेगड उघडी पडू लागली. तीव्र उजेडात चकचकीत पत्रा डोळ्यांवर तिरीप मारतो आणि त्याच्यावरची प्रत्येक सुरकुती दिसते. आता चमक कमी करण्याची कला हवी होती.

कॅमेऱ्याचा डोळा

तिची खरी गरज निर्माण केली ती चित्रपटाने. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली मुंबईत प्रदर्शित झाला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. बाबूराव मूळचे चित्रकार. त्यांनी आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी नाटकमंडळ्यांसाठी पडदे रंगवले होते. म्हणूनच पडद्यावर काढलेला महाल आणि खराखुरा उभारलेला महाल यातला फरक त्यांना चांगला ठाऊक होता. चित्रपटात त्यांनी सपाट रंगीत पडद्यांऐवजी लांबी, रुंदी आणि खोली असलेले देखावे उभारण्यावर भर दिला.

रंगमंचावरचा प्रेक्षक तीस-चाळीस फूट लांब असतो. कॅमेरा मात्र नटाच्या तोंडापाशी जातो आणि मग ते तोंड भिंतीएवढे मोठे करून दाखवतो. म्हणजे प्रेक्षक जणू हातभर अंतरावर येऊन बसतो! अशा वेळी पुठ्ठ्याची ढाल पुठ्ठ्याचीच दिसते.

त्यात आणखी एक शास्त्रीय अडचण होती. त्या काळातली कृष्णधवल फिल्म निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देई, तांबड्या प्रकाशाला जवळजवळ नाही. निळे आकाश पडद्यावर पांढरे फटक दिसे आणि तांबडी वस्तू काळी. आता विचार करा, गेरूने रंगवलेला गंज अशा फिल्मवर कसा दिसेल? काळ्या डागासारखा! म्हणजे डोळ्यांना खरा वाटणारा रंग कॅमेऱ्याला खोटा ठरे. वस्तू रंगवणाऱ्याला आपल्या डोळ्याने नव्हे, तर फिल्मच्या ‘डोळ्याने’ पाहायला शिकावे लागे. सर्व रंगांना प्रतिसाद देणारी फिल्म 1920 ते 1930 या दशकाच्या उत्तरार्धात सर्वत्र रुळली आणि मग हा प्रश्न बराच सुटला.

बाबूरावांचा 1925 चा ‘सावकारी पाश’ या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची ती कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पौराणिक कथेतल्या राजाला बेगड चालते. पण सावकाराने नागवलेल्या शेतकऱ्याची झोपडी नवी कोरी दिसली तर सगळी कथाच खोटी पडेल. झिजलेली, मळलेली, विटलेली वस्तू येथे सजावट म्हणून येत नाही, ती कथेतला पुरावा म्हणून येते. आमच्या मते ‘जुनेपणा’ने आपल्या पडद्यावर खरे काम सुरू केले ते अशा कथांमधून.

एक ऑस्कर, दोन माणसे

या इतिहासातला एक सुंदर योगायोग पाहा. 1982 सालच्या ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेषभूषेसाठी 1983 साली ऑस्कर पारितोषिक मिळाले ते दोघांना मिळून. एक होत्या कोल्हापूरच्या भानू अथैया, चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या कन्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थिनी. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. दुसरे होते इंग्लंडचे जॉन मोलो. हे मोलो मूळचे लष्करी गणवेशांचे अभ्यासक. 1977 साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाची वेषभूषा त्यांनीच केली होती आणि तिच्यासाठीही त्यांना ऑस्कर मिळाले होते.

‘स्टार वॉर्स’पूर्वीच्या बहुतेक अवकाशपटांत याने, शिरस्त्राणे आणि कपडे कसे लख्ख असत. भविष्यकाळ म्हणजे सगळे नवे, अशी समजूत! दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी ती उलटवली. त्यांच्या कथेतली याने पोचे आलेली, काळवंडलेली, चिलखते ओरखडलेली, झगे धुळीने माखलेले. ‘वापरलेले विश्व’ अशी ती कल्पना होती. जगात कुठेही नसलेली वस्तू लोकांना खरी वाटली, कारण ती कोणीतरी रोज वापरत असावी असे तिच्याकडे पाहून वाटत होते. तेव्हापासून चिलखते आणि शस्त्रे जुनी करून रंगवणे हे जगभर एक वेगळे कौशल्य बनले.

‘गांधी’चे काम याहून कठीण म्हणावे लागेल. 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेत रेल्वेच्या डब्यातून उतरवलेल्या सुटाबुटातल्या बॅरिस्टरापासून 1948 पर्यंतचा तो प्रवास. शिवाय काल्पनिक विश्व चुकले तर कोणी तक्रार करीत नाही. खादीचा पंचा मात्र कसा मळतो, कसा विरतो, हे भारतातल्या प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असते.

गेरू म्हणजे गंजच!

आता रसायनशास्त्राकडे वळू. लोखंड गंजण्यासाठी हवेतला ऑक्सिजन आणि पाणी हे दोन्ही लागतात. तीन परीक्षानळ्या आणि खिळे घेऊन केलेला प्रयोग आपण सगळेच शिकवतो. एका नळीत कोरडी हवा, दुसरीत उकळून वर तेल ओतलेले पाणी, तिसरीत साधे पाणी. गंज चढतो तो फक्त तिसरीतल्या खिळ्यावर. मीठ असले की पाण्यातून विद्युतभार सहज वाहतात आणि गंजण्याचा वेग वाढतो. म्हणून कोकणातली खिडकीची जाळी नंदुरबारपेक्षा लवकर कुजते.

गंज हा एकच पदार्थ नव्हे, तर ते लोहाच्या निरनिराळ्या ऑक्साइडांचे आणि पाणी धारण केलेल्या ऑक्साइडांचे मिश्रण असते. त्यामुळे ताजा गंज नारिंगी, मुरलेला गंज तपकिरी आणि आतला थर काळपट दिसतो. लोखंडाचा गंज होताना त्याचे आकारमान वाढते, म्हणून गंजाचे पापुद्रे सुटतात, आतले लोखंड पुन्हा उघडे पडते आणि ते पुन्हा गंजते. तांब्याचे असे होत नाही. त्यावर चढणारा हिरवट थर घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूला काही अंशी राखतो. दिल्लीच्या मेहरौलीतील लोहस्तंभ सोळाशे वर्षे टिकला, तेही त्याच्यावर बसलेल्या अशाच एका पातळ संरक्षक थरामुळे. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असल्यामुळे तो थर तयार झाला, हे कानपूरच्या आय.आय.टी.चे आर. बालसुब्रमण्यम यांनी आपल्या संशोधनातून दाखवले.

आणि आता गंमत पाहा. आम्ही तलवारीवर गंज ‘काढायला’ जो गेरू घेतला, तो काय असतो? गेरूचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडाचाच. म्हणजे आम्ही गंजाने गंज रंगवत होतो! पिवळ्या मातीतही लोहाचेच संयुग असते, फक्त त्यात पाणी बांधलेले असते. थोडी पिवळी माती जुन्या तव्यावर तापवली की ते पाणी निघून जाते आणि माती तांबडी होते. भाजल्यावर वीट तांबडी होते, त्यामागे अशीच प्रक्रिया असते. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा. परिणाम काही मिनिटांत दिसतो.

हे रंग विटत का नाहीत, असे मुले विचारतात. भीमबेटकाच्या गुहांतली हजारो वर्षांपूर्वीची तांबडी चित्रे आजही दिसतात. उत्तर सोपे आहे. जे आधीच ऑक्सिजनशी संयोग पावून स्थिर झाले आहे, त्याचे आणखी काय बिघडणार?

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. सगळे पारंपरिक रंग गेरूसारखे निरुपद्रवी नसतात. जुना शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, हरताळ म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. यांपैकी काहीही मुलांच्या हाती किंवा चेहऱ्यावर लागू देऊ नये. जुना तैलरंग खरवडून त्याची धूळ उडवू नये आणि फवाऱ्याचा रंग बंद खोलीत वापरू नये. शाळेच्या कामाला गेरू, पिवळी माती, कोळशाची पूड, खडूची पूड आणि पाण्यात विरघळणारे पोस्टर रंग पुरेसे आहेत.

झीज कुठे होते?

जुनेपणा रंगवण्यापूर्वी तो वाचता आला पाहिजे. त्यासाठी मुलांना गावातून एक फेरी मारायला सांगावी. विळ्याची मूठ कुठे गुळगुळीत झाली आहे? नांगराचा फाळ टोकाशी चकचकीत आणि मागे तांबूस का असतो? बैलगाडीच्या चाकाची धाव जमिनीला टेकते तेथे लखलखते, पण कडेला गंजते. दाराच्या कडीखाली लाकडावर अर्धवर्तुळाकार घासल्याची खूण असते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलात तर खोगिराच्या चामड्याकडे आणि लगामाच्या कडीकडे नीट पाहा.

या निरीक्षणांतून मुले स्वतःच नियम काढतात. जेथे हात लागतो तेथे चमक येते. जेथे पाणी साचते तेथे गंज येतो. कंगोरे आणि कडा आधी झिजतात. खाचांत मळ बसतो आणि तिथून तो निघत नाही. धूळ वरच्या आडव्या भागावर जास्त बसते, खालच्या बाजूला कमी. डाग असे कुठेही, मनाला येईल तसे पडत नाहीत. प्रत्येक डागाला कारण असते. आमच्या तलवारीवरचे डाग एकसारख्या अंतरावर, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे पडले होते. ते झकास दिसत होते, पण खरे दिसत नव्हते, याचे कारण आता कळले.

थरांचा क्रम म्हणजे काळाचा क्रम

एकदा हे नियम कळले की रंगवण्याची रीत त्यांतूनच निघते. पुठ्ठ्यावर कागदाचे तुकडे खळीने चिकटवून पृष्ठभाग टणक करावा आणि पूर्ण वाळू द्यावा. आधी काळा किंवा गडद तपकिरी हात द्यावा. तो वाळल्यावर चंदेरी रंग द्यावा, पण खाचांत तो मुद्दाम भरू नये. मग काळा रंग भरपूर पाण्यात पातळ करून सगळीकडे फिरवावा. त्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकला की पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि रंग बारीक खाचांत उतरतो. ओलसर असतानाच उंचवटे फडक्याने पुसून घ्यावेत. मळ खाचेत राहतो, कंगोरा उजळतो. नंतर जवळजवळ कोरड्या कुंचल्याला किंचित चंदेरी रंग घेऊन तो फक्त कडांवरून हलकेच ओढावा. जेथे पाणी साचले असते तेथेच गेरूचा एखादा डाग द्यावा. सर्वांत शेवटी खडूची आणि मातीची पूड कापसाने टेकवावी.

धूळ शेवटी का? कारण प्रत्यक्षातही ती शेवटीच बसते. धातू आधी घडतो, मग तो वापरला जातो, मग मळतो, मग गंजतो, मग त्यावर धूळ बसते. हा क्रम उलटा केला तर पाहणाऱ्याला काहीतरी चुकले आहे असे वाटते, मग नेमके काय ते त्याला सांगता येवो वा न येवो.

हाच नियम उत्खननात वापरतात. शहादा तालुक्यातल्या प्रकाशे येथे, तापी आणि गोमाईच्या संगमावर, 1955 साली बी. के. थापर यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले. सर्वांत खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगीन वस्ती मिळाली. लोखंडाचा वापर त्यावरच्या थरांत दिसू लागला. खालचे ते जुने, वरचे ते नवे. जमीन जशी थरांनी काळ नोंदवते, तशीच एखादी ढाल मळाच्या आणि गंजाच्या थरांनी नोंदवते. रंगवणारा हे थर चढवत जातो, तर पुरातत्त्वज्ञ ते एकेक करून उतरवत जातो.

‘तेव्हापण गंजलेली होती का?’

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. नाही, शिवकाळातली तलवार शिवकाळात गंजलेली नव्हती. संग्रहालयात आपण पाहतो ती तलवार गंजलेली दिसते, कारण ती साडेतीनशे वर्षांची झाली आहे. ती ज्याच्या कमरेला होती त्याच्यासाठी ती चालू काळातली, रोजच्या भरवशाची वस्तू होती. ज्या पात्यावर आपला जीव अवलंबून आहे, ते पाते कोणता सैनिक गंजू देईल? शस्त्रे पुसून, तेल लावून ठेवण्याची रीत होती. खंडेनवमीला आजही आपण हत्यारे आणि अवजारे स्वच्छ करूनच पूजतो.

म्हणजे आमची चूक रंगाची नव्हती. ती काळाची होती. ती वस्तू आणि आपण यांच्यामधले अंतर आम्ही त्या वस्तूचे वय समजलो होतो. इतिहास म्हणजे काहीतरी पिवळे, धुरकट आणि गंजलेले, अशी समजूत आपण नकळत मुलांच्या मनात भरतो. मग त्यातली माणसेही त्यांना पुतळ्यांसारखी वाटू लागतात.

याचा अर्थ त्या काळी सगळे लख्ख होते असा नाही. जुनेपणा वेगळा आणि वापर वेगळा. जुलै 1660 मध्ये पन्हाळ्याचा वेढा फोडून शिवाजी महाराज रात्री भर पावसात विशाळगडाकडे निघाले. बाजीप्रभू आणि त्यांचे सोबती रात्रभर चिखल तुडवत आले आणि लढले. शाळेच्या नाटकात मात्र हे मावळे इस्त्रीच्या अंगरख्यात, कोऱ्या पायताणांनी रंगमंचावर येतात, आणि हातातल्या तलवारी तेवढ्या गंजलेल्या! नेमके उलटे झाले पाहिजे. गुडघ्यापर्यंत चिखल, भिजून अंगाला चिकटलेले कपडे, मुठीवर हाताची झीज, ढालीवर ताजे ओरखडे. आणि पाते स्वच्छ.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण तर याहून जवळचे आहे. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हुतात्मा झाले. शिरीषकुमार तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता. हा प्रसंग जिल्ह्यातल्या शाळांत बसवताना पत्रके चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी करण्याचा मोह होतो. पण कागद पिवळा पडतो तो त्यातल्या लिग्निन या द्रव्यावर हवा आणि प्रकाश यांचा वर्षानुवर्षे परिणाम होऊन. 1942 मधले पत्रक त्या दिवशी नवेच होते, शाई कदाचित ओली असेल. झेंड्याचेही तसेच. तो विटका करण्यापेक्षा त्यावर चरखा आहे ना, हे आधी पाहावे. अशोकचक्राचा ध्वज संविधान सभेने स्वीकारला तो 22 जुलै 1947 रोजी. वस्तू जुनी दिसली पण चुकीच्या काळातली असली, तर ती बेगडीच म्हणायची.

आणि मुलांचे कपडे? ते रोजचेच. त्या दिवशी रस्त्यावर उतरलेली मुले आपल्या वर्गातल्या मुलांसारखीच होती. प्रेक्षकांत बसलेल्या पालकांना ते तसे दिसले, तर त्या प्रसंगाचे मोल त्यांना अधिक कळेल.

पुन्हा काठीच्या होळीची आठवण येते. तिथला साज कोणी मुद्दाम जुना करीत नाही. होळी येते तेव्हा अंगावरची नक्षी पुन्हा काढली जाते, टोप पुन्हा सजतात. परंपरा जुनी, रंग मात्र दर वेळी ओला. इतिहास शिकवणाऱ्याने यातून काही घ्यावे असे आम्हाला वाटते.

आम्ही त्या तलवारींवरचा गेरू ओल्या फडक्याने पुसून काढला. मुठी काळ्या रंगाने थोड्या मळवल्या, कडा उजळल्या आणि उरलेला गेरू मावळ्यांच्या पायांवर चिखल म्हणून लावला. प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडेच आम्ही हे काम सोपवले. पुढच्या संमेलनाच्या आधी आपल्या शाळेतही हे करून पाहा. वस्तू रंगवण्यापूर्वी प्रत्येक मुलाला तीन प्रश्न विचारायला सांगा: ही त्या दिवशी किती वर्षांची होती? ती कोण, कशी वापरत होते? आणि ती कोणत्या उजेडात दिसणार आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता इतिहास, रसायनशास्त्र आणि प्रकाशशास्त्राचे तीन तास सहज शिकवून होतील.